ऐंशी शिलिंग आणि अनिदादाचं नाक

त्या मंगळवारी मी घरूनच काम करत होते. मेडनहेडच्या आमच्या घरात जिन्याखालच्या कोपऱ्यात माझं टेबल आहे. तिथे कॅमेरा बंद ठेवून एका लांबलेल्या मीटिंगमध्ये बसले होते. फोन वाजला. नंबर अनोळखी, स्कॉटलंडचा. पलीकडून एक बाई बोलत होती, मागे कसलंतरी यंत्र धडधडत होतं आणि तिचे उच्चार मला निम्मेही कळत नव्हते. मी अनिरुद्धची बहीण स्मिताच ना, असं तिने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "ॲनी इज अवे, हेन."

अनिदादाला तिकडे सगळे ॲनी म्हणायचे, आणि हेन म्हणजे तिकडचं 'बाळा' किंवा 'अगं', एवढं मला ठाऊक होतं. मला वाटलं, हा कुठे गावाला गेलाय आणि फोन घरी विसरलाय. मी म्हटलं, "ओके, नो प्रॉब्लेम. परत कधी येणार आहे? मी करते त्याला संध्याकाळी." मागचं यंत्र कुणीतरी बंद केलं असावं, कारण एकदम तिचा श्वास ऐकू यायला लागला. "नो, हेन," ती हळूच म्हणाली, "ही इज अवे." आणि मग तिने, परक्या माणसाला समजावं म्हणून, 'डेड' हा शब्द सरळ उच्चारला. सकाळी साडेसहाला ब्रुअरीच्या अंगणात तो कोसळला होता. अँब्युलन्स आली, पण हॉस्पिटल गाठायच्या आधीच सगळं संपलं होतं.

माणूस गेला याला तिकडे 'अवे' म्हणतात, हे मला पुढे कळलं. पण त्या दिवशी दहा सेकंद तरी अनिदादा माझ्यासाठी फक्त गावाला गेलेला होता, आणि मी जराशी वैतागलेही होते की फोन विसरतो म्हणजे काय... ती दहा सेकंदं आठवली की अजून लाज वाटते. आणि ती पुसून टाकावीत असंही वाटत नाही. या सहा आठवड्यांत त्याच्याबद्दल मला जे जे वाटलं, ते सगळं असंच आहे. एक काही धरावं तर दुसरं हातातून सुटतं. म्हणून हे लिहायला बसले आहे, लिहून तरी काही जागेवर येतंय का ते बघायला.

अनिदादा माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. आम्ही पुण्याचे, मावशी नागपूरची. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नागपूरला गेलो की मावशीकडे कुरडयांचा घाट घातलेला असायचा. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, आणि मग वाटून चीक काढायचा. तिसऱ्या दिवशी त्या गव्हाला जो आंबूस वास सुटतो, त्याने आम्ही मुलं नाक दाबून गच्चीवर पळायचो. अनिदादा मात्र पातेल्यावर वाकायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "आज नको. उद्या सकाळी." मावशीच्या शेजारणीसुद्धा आपापली पातेली घेऊन त्याच्याकडे यायला लागल्या, तेव्हा तो बारावीत होता. मायक्रोबायॉलॉजी केलं, मग एडिंबराला ब्रुइंग, म्हणजे बिअर बनवायचं शास्त्र, शिकायला गेला. या विषयात पदवी मिळते, यावर नागपुरात महिनाभर कुणाचा विश्वास बसला नाही. मावशी लोकांना सांगायची, "धान्यावर संशोधन करतोय." मला हसू यायचं, पण आता वाटतं, ती तशी खोटं बोलत नव्हती.

शिकून झाल्यावर तो स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या एका लहानशा गावातल्या ब्रुअरीत चिकटला आणि पंचवीस वर्षं तिथेच राहिला, शेवटची अकरा वर्षं मुख्य ब्रुअर म्हणून. ब्रुअरीचं नाव मी इथे लिहीत नाही, तिथल्या लोकांना ते नको आहे. एकाच कुटुंबाने पिढ्यानपिढ्या चालवलेली जागा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा इरा, माझी मुलगी, कडेवर होती. ओढ्याच्या काठाला दगडी, उंच, अरुंद इमारत, आणि गावात शिरल्यापासूनच माल्टेड दुधासारखा गोड, भाजका वास. अनिदादा पांढऱ्या गमबुटांत जिने चढत-उतरत आम्हाला दाखवत होता. वरच्या मजल्यावर माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेले सातू, भरडायचं, खाली लाकडी झाकणाच्या भल्यामोठ्या पिंपात ते गरम पाण्यात मुरवायचं, आणि त्यातून निथळलेलं गोड पाणी तांब्याच्या हंड्यात तासन्‌तास उकळायचं. इंग्लंडातली बिअर कडवट असते, हॉप्स नावाच्या फुलांची. इथली माल्टची, गोडसर, तांबूस. थंडीत यीस्ट सावकाश काम करतं, म्हणून इथे कुणाला घाई नाही. आणि नावं तरी कशी? साठ शिलिंग, सत्तर शिलिंग, ऐंशी शिलिंग. कधीकाळी त्या जुन्या नाण्यांत पिंपाची जी किंमत होती, तेच नाव होऊन बसलं. जितके शिलिंग जास्त तितकी बिअर जड. "आता शिलिंगही गेले," अनिदादा म्हणाला, "पण पबमध्ये माणूस अजून 'हाफ ऑफ एटी' असंच मागतो."

ऐंशी शिलिंग ही त्याची लाडकी. तिच्यासाठी वापरायचं यीस्ट एका बॅचमधून काढून दुसरीत घालत घालत इतकी वर्षं जगवलेलं होतं की त्याचा हिशोब कुणाकडे नव्हता. विरजणासारखं. "हे मेलं तर पुन्हा मिळणार नाही बघ," असं तो म्हणाला तेव्हा उघड्या टाकीवर फेसाची जाड साय आली होती आणि तो तिच्यावर वाकून, डोळे मिटून, वास घेत होता. मंदारने, माझ्या नवऱ्याने, त्याचा तसा फोटो काढला. अंत्यविधीच्या वेळी तिथल्या लोकांनी पडद्यावर लावला, तो हाच फोटो.

तो स्वतः फार प्यायचा नाही. अर्धा पाइंट, तोही उभ्याने. लग्न केलं नाही. का नाही, ते त्याने सांगितलं नाही आणि मी एकदाच विचारलं. वर्षातून दोनदा आमच्याकडे यायचा, एकदा गणपतीत आणि एकदा ईस्टरच्या सुट्टीत. मंदारसाठी बाटल्या, माझ्यासाठी तिकडचं शॉर्टब्रेड. मी त्याच्यासाठी स्लाउला भारतीय दुकानांत जाऊन मेथी, गावरान दिसणारी वांगी शोधायची. भरीत, गोळाभात, पाटवडीची आमटी, वऱ्हाडी ठेचा. अनिदादा जेवायला बसायच्या आधीच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून निकाल द्यायचा. "स्मिते, आज हिंग हात आखडून घातलास." "वांगं एका बाजूने कच्चं राहिलंय." आणि ते बरोबर असायचं. माझ्या घरात माझ्या स्वयंपाकाकडे इतकं लक्ष देणारं दुसरं कुणी नाही. मंदारला भूक असते, मुलीला फोन असतो. वर्षातले ते आठ-दहा दिवस मी मनापासून रांधायची, कारण कुणीतरी मनापासून वास घेणारं होतं... असं मला वाटायचं.

अंत्यविधी आठवड्याने झाला. मावशी ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, तिला येणं शक्यच नव्हतं. तिने तो नागपुरात बसून भाच्याच्या लॅपटॉपवर पाहिला. नंतर ब्रुअरीत चहा होता. गर्दी ओसरल्यावर, फोन करणारी ती बाई, मॉयरा, माझ्याजवळ आली. साठीच्या आसपासची, आखूड पांढरे केस, हाताची बोटं पाण्याने सुरकुतलेली. तीस वर्षं ती तिथे पिंपं धुते. मला म्हणाली, "तुला एक सांगायचंय. मी कुणाला सांगितलेलं नाही. पण तू त्याचं माणूस आहेस." आणि मला ती सॅम्पल रूममध्ये, बिअर चाखून बघायच्या खोलीत, घेऊन गेली. खिडकीखाली एक लांब दगडी ओटा, त्यावर उलटे ठेवलेले ग्लास, दोन उंच स्टुलं.

लॉकडाऊनच्या पहिल्या वर्षी अनिदादाला ताप आला होता, ते मला ठाऊक होतं. त्या तापात वास गेला, तेही फोनवर बोलता बोलता त्याने हसत सांगितलं होतं. आणि पुढच्या महिन्यात, "आला गं परत," असंही सांगितलं होतं. तो परत आलाच नव्हता.

"कधीच?" मी विचारलं.

"कधीच नाही," मॉयरा म्हणाली. "जिभेला खारट, गोड, कडू एवढं कळायचं. बाकी काही नाही. एका सकाळी हा इथे बसला होता, हातात ग्लास, आणि माझ्याकडे असा बघत होता... मी म्हटलं, ॲनी, व्हॉट इज इट? तर म्हणाला, मॉयरा, ह्याला कसला वास येतो, सांगशील?"

तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला दोघं तिथे भेटायचे, बाकीचे यायच्या आधी. मॉयरा वास घ्यायची. यीस्टचा, टाकीचा, पिंपाचा, ग्लासाचा. तिला त्यातलं शिक्षण काही नव्हतं, ब्रुअर लोकांचे शब्द माहीत नव्हते. ती आपली म्हणायची, ओली मेंढी. आजीची हँडबॅग आतून. नवा दोर. अनिदादा लिहून घ्यायचा, दहा प्रश्न विचारायचा, मेंढी किती ओली, काल जास्त होती की आज, आणि मग ठरवायचा, टाकी अजून एक दिवस ठेवायची की उतरवायची. शुक्रवारी मालकांसमोर चव घ्यायची वेळ यायची, तेव्हा तो सकाळचे शब्द आठवून, ब्रुअरच्या भाषेत सांगायचा. पाच वर्षांवर हे चाललं. ऐंशी शिलिंग तशीच राहिली. कुणाला फरक कळला नाही.

एकदा मात्र ब्रुअरीत मोठा गहजब झाला होता, तो तिने सांगितला. एका टाकीवर वाकून मॉयरा म्हणाली, "प्लॅस्टर्स." म्हणजे जखमेवरच्या चिकटपट्टीचा वास. अगदी पुसट. दुसऱ्या कुणालाच येत नव्हता, मालकांनाही नाही. अनिदादाने सगळ्यांसमोर टाकीची तोटी उघडली आणि अख्खी बॅच गटारात सोडून दिली. मालक लालबुंद झाले. त्यांनी कारण विचारलं, तर हा म्हणाला, "मला वास येतोय." मॉयरा मागे उभी होती. बाजूला काढून ठेवलेल्या काही बाटल्या तीन आठवड्यांनी उघडल्या, तेव्हा दारात उभ्या असलेल्या माणसालाही चिकटपट्टीचा वास आला. ती बॅच पिंपांत भरली असती, तर पिंपांतून तो संसर्ग जुन्या यीस्टपर्यंत पोचला असता. "माझ्या शब्दावर त्याने ते केलं," मॉयरा म्हणाली. "माझ्या शब्दावर आजवर कुणी चहासुद्धा फेकला नव्हता."

मी ऐकत होते आणि मला रडू येत नव्हतं. मला राग येत होता. इतका की मी स्टुलावरून उठले. पाच वर्षं मी स्लाउला गाडी पिटाळत होते! पाच वर्षं हा माझ्या दारात उभा राहून हिंगाबद्दल बोलत होता. मॉयराने मला मिठी मारली, तिला वाटलं मी दुःखाने उठले. तेही होतंच. पण त्यात काय किती होतं, मला सांगता आलं नसतं. अजून येत नाही.

ट्रेनने परत येताना एक प्रसंग आठवला. दोन वर्षांपूर्वी मी दुकानातून घरी आले तर स्वयंपाकघरात गॅस नुसता चालू, ज्योत नाही, आणि अनिदादा शेजारी खुर्चीत पेपर वाचत बसलेला. मी किंचाळले, खिडक्या उघडल्या. तो पांढराफटक पडला होता. "लक्ष नव्हतं गं," एवढंच म्हणाला. मला तेव्हा वाटलं, याला डिप्रेशन आलंय. आठवडाभर मी त्याला फोन करकरून व्यायामाबद्दल बोलत होते. काय विचारायचं ते सोडून बाकी सगळं विचारलं मी त्याला.

घरी आल्यावर मंदारला आणि इराला सांगितलं. इरा सोळा वर्षांची आहे, तिचं मराठी धावतपळत शिकलेलं. ती म्हणाली, "आई, म्हणजे तो गेम त्याच्यासाठी होता?"

"कुठला गेम?"

"मामा विचारायचा ना मला... तू कुकिंग करायची तेव्हा. 'इरा, जा, वास घेऊन ये. पाच मराठी वर्ड्समध्ये सांग.' मला वाटला तो माझी मराठी इम्प्रूव्ह करते. मी सांगायची, खमंग आहे, पण एक साइड कच्चा आहे. हिंग स्मेल येत नाही. मग तो मला एक पाउंड... नाही, चॉकलेट द्यायचा." आणि ती रडायला लागली. "मी सगळा राँग सांगितली असेल तर?"

तिला जवळ घेऊन मी म्हटलं, नाही गं, बरोबर असायचं. आणि ते खरंच बरोबर असायचं. खमंग, करपट, उग्र, आंबूस, हे शब्द माझ्या मुलीला येतात, आमच्या इथल्या मंडळाच्या रविवारच्या शाळेतल्या एकाही पोराला येत नाहीत, याचं मला किती कौतुक होतं! श्रेय मी स्वतःला देत होते. आता ते शब्द तिच्या तोंडून ऐकले की हातातलं काम थांबतं. मला दारात उभं राहून दिलेले ते निकाल माझ्या मुलीचे होते. त्याने ते निव्वळ लपवण्यासाठी केलं? की मी वर्षातून आठ दिवस मनापासून रांधते हे त्याने ओळखलं होतं, आणि ते बंद पडू नये म्हणून केलं? मंदार म्हणतो, दोन्ही. मंदारचं बरं आहे, त्याला दोन्ही चालतं.

पुढच्या पंधरवड्यात ब्रुअरीच्या मालकांची ई-मेल आली. त्यांचं नाव ह्यू. अनिदादाच्या खणात एक जाड वही सापडली होती. रोजच्या नोंदी, डाव्या बाजूला इंग्रजी आणि उजव्या बाजूला 'तुमची लिपी'. नवा ब्रुअर येईपर्यंत ऐंशी शिलिंग चालू ठेवायची तर ही वही वाचता यायला हवी, तुम्ही मदत कराल का? मी मॉयराला फोन केला. वही वाचली तर तुमची गोष्ट उघडी पडेल, काय करू? ती म्हणाली, "आहे तशी वाच, हेन. मी थकले आता लपवून."

मी पुन्हा तिकडे गेले, तीच सॅम्पल रूम. ह्यू खिडकीपाशी उभे, मॉयरा स्टुलावर, मी वही उघडून. डावीकडे मॉयराचे शब्द, उजवीकडे अनिदादाचं ते तिरकं, जोडाक्षरं गिचमिड करणारं मराठी. मी इंग्रजीत सांगत गेले. ओली मेंढी: आजोबांची घोंगडी, उन्हात टाकायच्या आधीची. आजीची हँडबॅग: आईचं लोखंडी कपाट, वेखंड, जुनं रेशीम. नवा दोर: शाळेच्या खो-खोच्या मैदानातला खांब, पाऊस पडून गेल्यावर. पिठाची गोडसर खळ: गहू, तिसरा दिवस, सकाळ. म्हणजे मॉयरा जे हुंगायची, ते हा आपल्या आठवणीतल्या नागपुरात नेऊन शोधायचा, आणि तिथे सापडलं की त्यावरून ब्रुअर म्हणून निर्णय घ्यायचा. मॉयराला हे माहीतच नव्हतं. तिच्या मेंढीची कुणाची तरी घोंगडी होत होती, हे ऐकून ती तोंडावर हात ठेवून हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

पण पानं उलटत गेले तसा माझा आवाज खाली गेला. तिसऱ्या वर्षापासून उजव्या बाजूला मधूनमधून प्रश्नचिन्हं यायला लागली. 'घोंगडी?' 'घोंगडी असावी.' 'वेखंड कसं होतं?' चिकटपट्टीच्या त्या दिवशी लिहिलं होतं: 'आठवत नाही. मॉयरावर विश्वास ठेवायचा.' आणि शेवटच्या वर्षात डाव्या बाजूला मॉयराचे शब्द भरगच्च, उजवी बाजू जवळजवळ कोरी. वास गेले होतेच, आता त्यांच्या आठवणीही चालल्या होत्या. आणि हा माणूस त्या कोऱ्या बाजूकडे बघत रोज साडेसहाला हजर होत होता.

ह्यूंना अर्थ लागायला वेळ लागला नाही. "सो," ते म्हणाले, "माझी बिअर कोण बनवत होतं?"

"ॲनी," मॉयरा म्हणाली. "माझ्या नाकाने."

"पाच वर्षं. दर शुक्रवारी तुम्ही दोघं इथे माझ्यासमोर उभे राहत होता."

"हो."

ते बाहेर निघून गेले. अंगणात येरझाऱ्या घालताना खिडकीतून दिसत होते. मला वाटलं, आपण येऊन चूक केली. या बाईची तीस वर्षांची नोकरी आपण घालवली आणि मेलेल्या माणसाचं नाव घालवलं. ते परत आले, तेव्हा चेहरा रागावलेलाच होता, पण दमलेला. मला उद्देशून म्हणाले, "त्याने सांगायला हवं होतं. मी त्याला ठेवून घेतलं असतं."

"नसतं ठेवलं," मॉयरा शांतपणे म्हणाली.

ह्यू म्हणाले, "मला माहीत नाही." त्या खोलीत त्या दिवशी बोललं गेलेलं सगळ्यात खरं वाक्य ते असावं. निघताना त्यांनी माझे आभार मानले, हात मिळवला, पण अनिदादाबद्दल चांगलं असं काही बोलले नाहीत. मला ते लागलं, आणि पटलंही. मॉयराची नोकरी मात्र राहिली. गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला: सॅम्पल रूमची किल्ली आता तिच्याकडे असते, नवा ब्रुअर अजून मिळालेला नाही, आणि शुक्रवारी ह्यू तिला विचारतात, "मेंढी आहे का?"

त्याच फेरीत मी त्याचं घर आवरलं. ब्रुअरीपासून पाच मिनिटांवर, एका चपलांच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खोल्या. स्वयंपाकघरात शिरले आणि जागीच उभी राहिले. प्रत्येक वस्तूवर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर तारीख. दूध, मंगळवारी उघडलं. वरण, रविवार, बुधवारनंतर टाकणे. लोणी, तूप, डाळीचे डबे, अगदी अर्ध्या कांद्याच्या वाटीवरसुद्धा. नासलेलं काय आणि ताजं काय हे कळत नाही म्हटल्यावर त्याने सगळा संसार तारखांवर चालवला होता. मी एकेक पट्टी वाचत डबे रिकामे करत गेले. खिडकीजवळच्या फळीवर, मागे, एक काचेची बरणी होती. तिच्यावर तारीख नव्हती. नुसतं लिहिलं होतं, 'आई.'

मेतकूट होतं. झाकण उघडलं तर खवट वास आला, कित्येक महिन्यांपूर्वीचं असणार. बरणीत चमचा होता. चमचा स्वच्छ होता आणि त्याच्याभोवती मेतकुटात ताजा खळगा पडलेला होता, म्हणजे तो ते शेवटपर्यंत खात होता.

मावशीला सांगावं की नाही, यावर मी आठ दिवस काढले. शेवटी एका रविवारी फोन केला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं लाइन गेली.

"मावशी?"

"आहे मी," ती म्हणाली. "मागच्या वेळी मेतकूट पाठवलं तेव्हा फोन करून म्हणाला होता, आई, या खेपेला मेथ्या जास्त भाजल्यास. आणि खरंच भाजल्या गेल्या होत्या गं. दाराशी कुणी आलं होतं, मी विसरले. मग ते कसं कळलं त्याला? तिथे त्याच्याजवळ कोण होतं वास घ्यायला?"

"जिभेला कडू कळायचं ना त्याच्या. मेथ्या जास्त भाजल्या की कडू लागत असतील."

"हं," मावशी म्हणाली. "म्हणजे तेवढं खरं होतं." आणि मग तिने विचारलं, "सगळीकडे असंच करत होता का? खोटं?"

मी म्हटलं, "मला कळत नाही मावशी. मी यावर काही लिहू का? चालेल तुला?"

"लिही. पण माझं पोर खोटारडं होतं असं लिहू नकोस." मग म्हणाली, "आणि नव्हतं असंही लिहू नकोस. तुझ्या मुलीला बिचारीला कामाला लावलं त्याने."

फोन ठेवताना तिने विचारलं, बरणीत काही उरलंय का. मी म्हटलं, अर्धी आहे. "खवट झालं असेल. टाकून दे. मी नवीन करून पाठवते." मी हो म्हटलं.

बरणी मी मेडनहेडला आणली आहे. ती माझ्या स्वयंपाकघरात, खिडकीत आहे. मंदारने दोनदा विचारलं की हिचं काय करायचं, दोन्ही वेळा मी विषय बदलला. काल दुपारी घरात कुणी नव्हतं. मी वाटीभर मऊ भात केला, त्यावर साजूक तूप घातलं आणि बरणीतला तोच चमचा भरून मेतकूट घेतलं. नाक चिमटीत धरून पहिला घास खाल्ला. मीठ कळलं, भात गरम असल्याचं कळलं. आणि मागून, अगदी शेवटी, जिभेच्या कडेला मेथ्यांचा कडवटपणा आला. मी नाक सोडलं नाही. वाटी संपेपर्यंत तशीच खात राहिले.